सोरायसिसची दीर्घ चिकित्सा आणि त्वचेचा कर्करोग : हिशेब ठेवण्याची गरज

प्रस्तावना

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या त्वचाविकारांत सोरायसिस हा अत्यंत चिवट व्याधी होय. चरकाचार्यांनी क्षुद्रकुष्ठांमध्ये वर्णिलेल्या एककुष्ठाशी, म्हणजे घाम न येणाऱ्या, विस्तीर्ण आणि माशाच्या खवल्यांसारख्या त्वचेच्या विकाराशी, त्याचे साम्य सांगितले जाते. काही रुग्णांत किटिभाची लक्षणे अधिक जुळतात. नामकरणाविषयी मतभेद असले तरी व्याधीच्या जुनाटपणाविषयी ते नाहीत. तो शमतो, काही महिने दबून राहतो आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा डोके वर काढतो. त्यामुळे रुग्ण दहा, वीस, कधी तीस वर्षे कोणते ना कोणते औषध घेत राहतो. एवढ्या प्रदीर्घ काळात त्या औषधांचा त्वचेवर कोणता परिणाम साचत जातो, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह करावयाचा आहे. आधुनिक चिकित्सेचे दोष दाखवून आपली पाठ थोपटून घेणे हा त्यामागील हेतू नाही. उलट, खानदेशातील रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याच कपाटापाशी येऊन थांबतो, असे माझे मत झाले आहे. ते मत कसे झाले, हे एका रुग्णाच्या आधारे सांगतो.

एक रुग्ण

काही वर्षांपूर्वी अमळनेर परिसरातील पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी माझ्याकडे आले. व्याधी वीस वर्षांचा होता. आरंभीची काही वर्षे त्यांनी मोठ्या शहरातील रुग्णालयात गोळी घेऊन ‘मशीनमध्ये उभे राहण्याचा’ उपचार घेतला होता. तो किती वेळा घेतला, याची नोंद त्यांच्याजवळ नव्हती. ‘पुष्कळदा’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे प्रवासाचा खर्च झेपेना म्हणून तो उपचार सुटला आणि एका वैद्यांकडील तांबूस-केशरी पुड्या सुरू झाल्या. चट्टे झपाट्याने गेले. मग त्या पुड्या, कधी रोज तर कधी व्याधी उठेल तेव्हा, अशा सुमारे सहा वर्षे घेतल्या गेल्या. पुडीवर औषधाचे नाव नव्हते आणि रुग्णाने ते कधी विचारलेही नव्हते.

स्नेहपान, विरेचन, तिक्तक घृत आणि पथ्य या क्रमाने मी चिकित्सा केली. पाठीवरील एक चट्टा सोडून बाकी सारे उतरले. तो एक चट्टा मी आठ महिने सोरायसिस समजूनच हाताळत राहिलो. कधी लेप बदलला, कधी तेल बदलले. एके दिवशी नाडी पाहून हात खाली ठेवताना तळहातावर बोट फिरले आणि बाजरीच्या दाण्याएवढे कठीण खडे हाताला लागले. शेतकऱ्याच्या हाताला घट्टे असावयाचेच, असे क्षणभर वाटले. परंतु तसेच खडे तळपायाच्या कमानीतही होते. तेथे ना वखराची मूठ लागते, ना चपलेचा दाब पडतो. पाठीवरील चट्ट्याचा तुकडा काढून तपासणीस पाठविला. उत्तर आले : बोवेन रोग, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातच असलेला कर्करोग. शस्त्रक्रियेने तो समूळ काढता आला आणि रुग्ण आजही शेती पाहतात. परंतु आठ महिने तो कर्करोग माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्यावर तेल लावीत होतो, हे मला विसरता आलेले नाही.

मात्रा एका दिवसाची नव्हे, आयुष्याची

औषधाची मात्रा ठरविताना आपण अग्नी, बल, वय, काल यांचा विचार करतो. हा विचार त्या दिवसापुरता असतो. कर्करोगाच्या बाबतीत निर्णायक ठरते ती आयुष्यभराची एकूण मात्रा. पेशीच्या गुणसूत्रांवर झालेला आघात शरीर बहुतांशी दुरुस्त करते. जे थोडे दुरुस्त होत नाही ते साचत जाते. औषध थांबविल्यावर साचलेले पुसले जात नाही. म्हणूनच अशा कर्करोगांचा काळ दहा, वीस, प्रसंगी तीस वर्षांचा असतो. रुग्णालय बदलते, डॉक्टर बदलतो, वैद्य बदलतो. त्वचा मात्र तीच राहते आणि तिचा हिशेब अखंड चालू असतो. तो हिशेब लिहून ठेवणारा कोणी नसतो, हेच या प्रश्नाचे मर्म आहे.

प्रकाशचिकित्सेचा अनुभव

सोरालेन हे द्रव्य पोटातून देऊन त्यानंतर दीर्घ तरंगलांबीचे अतिनील किरण अंगावर घेण्याच्या पद्धतीस ‘पुवा’ म्हणतात. सोरायसिसमधील तिचा उपयोग १९७४ साली पॅरिश, फिट्झपॅट्रिक आदी अमेरिकन डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. सोरालेन पेशीतील डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये शिरते आणि किरण पडताच ते धागे एकमेकांस जखडते. त्यामुळे सोरायसिसमधील पेशींची बेसुमार वाढ थांबते. गुण येतो तो याच आघातामुळे आणि धोका निर्माण होतो तोही त्याच आघातामुळे.

अमेरिकेत १९७५-७६ साली १६ केंद्रांतील १,३८० रुग्णांची या उपचारासाठी नोंद करून त्यांचा तीस वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्णांना स्क्वेमस सेल प्रकारचा त्वचेचा कर्करोग झाला आणि बैठकांची संख्या वाढेल तसा धोका चढत गेला. २५० हून अधिक बैठका झालेल्यांमध्ये पहिल्या उपचारानंतर सुमारे पंधरा वर्षांनी मेलानोमा या घातक कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. पुरुषांच्या जननेंद्रियाची त्वचा विशेष नाजूक असल्याचेही याच रुग्णांवरून कळले. तेव्हापासून उपचाराच्या वेळी तो भाग झाकण्याची पद्धत रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मेथॉक्सिसोरालेन व हे किरण यांच्या संयोगास मनुष्यात निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात ठेवले आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५० बैठकांनंतर पुवा सहसा पुढे दिली जात नाही आणि त्याहून अधिक बैठका झालेल्यांच्या त्वचेची तपासणी आयुष्यभर केली जाते.

आता अनेक ठिकाणी पुवाच्या जागी ‘नॅरोबँड यूव्हीबी’ ही पद्धत आली आहे. तीत सोरालेन द्यावे लागत नाही. स्कॉटलंडमध्ये ३,८६७ रुग्णांच्या पाहणीत तिच्यामुळे स्क्वेमस सेल कर्करोग वा मेलानोमा वाढल्याचे दिसले नाही. तेव्हा ‘मशीनचा उपचार’ म्हणजे पुवाच, असे गृहीत धरू नये. गोळी घेऊन उभे राहावे लागे की गोळीविना, हा एकच प्रश्न दोन्हींतील भेद सांगतो.

डांबर आणि पोटातील औषधे

डांबराविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. धुराड्याच्या काजळीत काम करणाऱ्यांना होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली वर्णिला. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानावर वारंवार डांबर चोपडून कर्करोग निर्माण केला. कारखान्यातील डांबराचा धोका निर्विवाद आहे. परंतु औषध म्हणून डांबर वापरलेल्या सोरायसिस व इसबाच्या १३,२०० रुग्णांची डच पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत कर्करोगाची वाढ आढळली नाही. म्हणून डांबराच्या मलमाची भीती घालून रुग्णास आपल्याकडे वळविणे शास्त्रीय नव्हे.

सायक्लोस्पोरिनचे तसे नाही. ते रोगप्रतिकारशक्ती दाबते. पुवा घेतलेल्या रुग्णास पुढे सायक्लोस्पोरिन दिल्यास स्क्वेमस सेल कर्करोगाचा धोका वाढतो, हे २००१ साली पुवाच्या त्याच अमेरिकन रुग्णांतून स्पष्ट झाले. याच रुग्णांत दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात मेथोट्रेक्सेट घेतलेल्यांमध्येही तो अधिक दिसला. याचा अर्थ ही औषधे वाईट आहेत असा नाही. सांध्यांपर्यंत पोहोचलेल्या वा सर्वांग व्यापलेल्या सोरायसिसमध्ये त्यांनी असंख्य रुग्ण सावरले आहेत. धोका असतो तो क्रमाचा व बेरजेचा. येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. कर्करोगाच्या भीतीने रुग्णाची ही औषधे, विशेषतः पोटातील स्टेरॉइड, एकदम बंद करू नयेत. तसे केल्यास व्याधी उसळून सर्वांग लाल होते वा पूययुक्त फोड येतात आणि रुग्ण अतिदक्षता विभागात जातो.

आर्सेनिक : जुना धडा

सोरायसिसच्या औषधामुळे कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकाला सर्वप्रथम शिकविले ते किरणांनी नव्हे, तर सोमलाने. थॉमस फाउलर या इंग्रज डॉक्टरने १७८६ साली पोटॅशियम आर्सेनाइटचे द्रावण प्रचारात आणले. ‘फाउलरचे द्रावण’ म्हणून ते ताप, दमा आणि त्वचाविकार यांवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दिले जात होते. सोरायसिसमध्ये त्याचा गुण झटपट दिसे. परंतु अशा रुग्णांच्या तळहातांवर कठीण खडे येतात आणि पुढे त्वचेचा कर्करोग होतो, हे सर जोनाथन हचिन्सन यांनी १८८७-८८ च्या सुमारास निदर्शनास आणून दिले. १९६५ साली युरोपात आर्सेनिक घेतलेल्या २६२ त्वचारुग्णांची सहा ते सव्वीस वर्षांनंतर पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या हातापायांवर खडे होते आणि २१ जणांना त्वचेचा कर्करोग झाला होता.

आर्सेनिक स्वतः डीएनएवर थेट आघात करण्यापेक्षा त्याच्या दुरुस्तीत अडथळा आणते, असे मानले जाते. त्यामुळे उन्हाचा, पुवाचा वा अन्य कोणताही आघात त्याच्या संगतीने अधिक घातक ठरू शकतो. माझ्या रुग्णात हे दोन्ही एकापाठोपाठ घडले होते.

आता आपल्या कपाटाकडे वळू. रसमाणिक्य व तालसिंदूर यांत हरताल आहे. मल्लसिंदुरात सोमल आहे. समीरपन्नगात सोमल, मनःशिला आणि हरताल ही तिन्ही द्रव्ये आहेत. ही सर्व आर्सेनिकची संयुगे होत. यावर आपला नेहमीचा युक्तिवाद असा असतो की, हरताल हे गंधकाशी बद्ध असल्याने पाण्यात विरघळत नाही आणि शोधनाने निर्विष होते. या युक्तिवादात तथ्य आहे. कूष्मांड स्वरस, चुन्याची निवळी आदींमध्ये दोलायंत्राने स्वेदन करण्याचा विधी निरर्थक नव्हे. विरघळणारा विषारी अंश त्या द्रवात निघून जावा, अशीच त्याची योजना आहे. परंतु थोडे गणित करून पाहावे. शुद्ध हरतालात वजनाने सुमारे ६१ टक्के आर्सेनिक असते. १२५ मिलिग्रॅम रसमाणिक्य म्हणजे सुमारे ७६ मिलिग्रॅम आर्सेनिक. त्यातील शंभरावा भाग शरीरात शोषला गेला असे धरले तरी ते ७६० मायक्रोग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेतील पाणी दिवसाला दोन लिटर प्याल्यास पोटात जास्तीत जास्त २० मायक्रोग्रॅम आर्सेनिक जाते. म्हणजे एका दिवसाची मात्रा सुमारे अडतीस पट झाली. अल्पकाळासाठी, तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीखाली ही जोखीम पत्करावी की नाही, हा चर्चेचा विषय होऊ शकेल. सहा वर्षे पुड्या चालू ठेवण्याचे समर्थन मात्र कोणत्याही रसग्रंथाच्या आधारे करता येणार नाही. त्यातही माणिक्य भाजताना उघड्या हवेत उष्णता अधिक झाली तर हरतालाचे अंशतः सोमलात रूपांतर होते. अशा वेळी न विरघळण्याचा युक्तिवादही उरत नाही.

आपली त्वचा आणि आपला प्रदेश

‘हे सारे गोऱ्या लोकांचे रोग, आपल्या सावळ्या त्वचेस काय होणार?’ असा प्रश्न अनेक सहकारी करतात. त्याचे अर्धे उत्तर त्यांच्या बाजूने आहे. त्वचेतील रंजकद्रव्य किरणांपासून संरक्षण देते. आशिया व आफ्रिका खंडांतील, पुवा घेतलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात त्वचेच्या कर्करोगाची वाढ दिसली नाही. त्यामुळे जळगाव-धुळ्यातील ज्या रुग्णाने पूर्वी पुवा घेतली आहे, त्यास अकारण घाबरवू नये.

परंतु सावळ्या त्वचेस कर्करोग होतच नाही, हा समज चुकीचा आहे. तो वेगळ्या वाटेने येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली ‘धोतराचा कर्करोग’ वर्णिला. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाने तेथील त्वचेवर तो उद्भवत होता. २०२४ साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी कमरेवरील अशाच कर्करोगाच्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. कारण होते घट्ट बांधलेले वस्त्र. जुना व्रण, भाजल्याचा डाग, सतत घासली जाणारी जागा, या आपल्याकडील नेहमीच्या वाटा आहेत. या सर्व जागा कपड्यांखाली झाकलेल्या असतात, हे ध्यानी घ्यावे.

आर्सेनिकची वाट तर रंगाची मुळीच तमा बाळगीत नाही. पश्चिम बंगालमध्ये नलिकाकूपांच्या पाण्यातून आर्सेनिक गेलेल्या रुग्णांचे निदान कोलकात्याचे डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली केले. त्या रुग्णांची त्वचा आपल्यासारखीच सावळी. तरीही तळहातांचे खडे, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके आणि पुढे कर्करोग, हा क्रम तेथे दिसून आला. तैवानमध्ये १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ४०,४२१ व्यक्तींच्या पाहणीत अशा पाण्यामुळे त्वचेचा कर्करोग झालेले ४२८ जण आढळले. तात्पर्य, किरणांचा धोका आपल्या रुग्णांत बराच कमी आहे. आर्सेनिकचा मात्र कमी नाही. मोठ्या रुग्णालयातील मशीनपेक्षा आपल्या कपाटातील पुडी खानदेशी रुग्णास अधिक धोक्याची ठरू शकते, असे मी आरंभी म्हटले ते याच कारणाने.

बावची आणि खानदेशचे ऊन

पुवामधील सोरालेन हे आपल्या बावचीतही आहे. जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ साली बावचीच्या बियांतून ते वेगळे केले. श्वित्रात औषध देऊन रुग्णास उन्हात बसविण्याचा विधी तर चरकसंहितेतच आहे. म्हणजे द्रव्य व प्रकाश यांच्या संयोगाचे ज्ञान आपल्या परंपरेस जुने आहे.

प्रश्न आहे तो अनियंत्रित संयोगाचा. रुग्णालयात किरण मोजून दिले जातात. आपला रुग्ण बावचीचे चूर्ण घेऊन वा तेल लावून सकाळी कापसाच्या वा केळीच्या शेतात जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दिवसभर राबतो. हा एक प्रकारे न मोजलेला पुवाच होय. बावचीमुळे कर्करोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही आणि तसे म्हणू नये. परंतु त्वचा भाजणे, फोड येणे आणि यकृतावर परिणाम होणे हे नोंदले गेले आहे. सोरायसिसमध्ये त्वचेवरील प्रत्येक जखम नवा चट्टा निर्माण करू शकते, हे तर आपण रोजच पाहतो. ज्याने पूर्वी पुवा घेतली आहे वा जो सध्या कोणतीही प्रकाशचिकित्सा घेत आहे, त्यास बावची देणे म्हणजे दुसऱ्याच्या हिशेबात न सांगता भर घालणे होय.

चिकित्सकांनी काय करावे

१. पूर्वचिकित्सेचा इतिहास सविस्तर लिहावा. मशीनचा उपचार घेतला काय, गोळीसह की गोळीविना, अंदाजे किती बैठका. सायक्लोस्पोरिन वा मेथोट्रेक्सेट किती काळ. नाव नसलेल्या पुड्या, जत्रेतील वा टपालाने मागविलेली औषधे किती वर्षे. ‘आयुर्वेदिक आहे, म्हणून सांगितले नाही’ असे रुग्ण म्हणतात. म्हणून स्पष्टपणे विचारावे.

२. प्रत्येक जुन्या रुग्णाचे तळहात, तळपाय, पाठ, कंबर आणि गुह्यभाग सहा महिन्यांतून एकदा चांगल्या उजेडात पाहावेत. तळपायाच्या कमानीतील खडे हे श्रमाचे घट्टे नव्हेत.

३. इतर सर्व चट्टे शमले असता जो एकटाच राहतो, ज्याची कड ठसठशीत आहे, जो हळूहळू पसरतो, ज्यावर खपली धरते, रक्त येते वा व्रण होतो, असा चट्टा तीन महिन्यांत न उतरल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवून तुकड्याची तपासणी करून घ्यावी. धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुंबई-पुणे गाठण्याची वाट पाहत बसू नये. लवकर सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुधा समूळ बरा होतो.

४. सोरायसिससारख्या पुनःपुन्हा उठणाऱ्या व्याधीत आर्सेनिकयुक्त कल्प टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ते द्यावेसेच वाटतात त्यांनी कल्पाचे नाव, मात्रा व बंद करण्याची तारीख केसपेपरवर आणि रुग्णाच्या चिठ्ठीवरही लिहावी. दोन आर्सेनिकयुक्त कल्प एकत्र देऊ नयेत. पुवा घेतलेल्या वा खडे दिसणाऱ्या रुग्णास ते मुळीच देऊ नयेत.

५. बावचीचा प्रयोग करावयाचा झाल्यास उन्हाळ्यात व शेतात राबणाऱ्यांत करू नये आणि यकृताची तपासणी करून घ्यावी.

६. औषधाचा दुष्परिणाम आढळल्यास लपवू नये. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा २००८ पासून अस्तित्वात आहे आणि २०१८ पासून नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. अशी नोंद म्हणजे आयुर्वेदावर आरोप नव्हे. ती आपल्या शास्त्राची स्वतःची परीक्षा होय.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस कायद्याने स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे रसमाणिक्य आणि त्रिफळा चूर्ण एकाच फळीवरून, एकाच सहजतेने विकले जाते. परंतु औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये हरताल, मनःशिला व सोमल यांचा विषारी द्रव्यांत समावेश आहे आणि ती असलेल्या औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना वाचण्याचे पहिले कर्तव्य विक्रेत्याचे आहे. अशी औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. जुनी चिठ्ठी दाखवून तेच औषध महिनोन्महिने नेणाऱ्यास पुन्हा वैद्यांकडे पाठवावे. कुटे व सुटी चूर्णे नावाविना बांधून देऊ नयेत; पुडीवर कल्पाचे नाव, निर्माता, घाणा क्रमांक व तारीख लिहावी. निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतीज औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य करण्यात आली. त्यात आर्सेनिकची मर्यादा दशलक्षात ३ भाग, शिशाची १०, पाऱ्याची १ व कॅडमियमची ०.३ भाग अशी आहे. परदेशातील ग्राहकासाठी होणारी तपासणी यावल-साक्रीच्या ग्राहकासाठीही मागता येते. निर्मात्याकडे तपासणीचा दाखला मागण्याचा संकोच धरू नये.

उपसंहार

सोरायसिसमध्ये आयुर्वेदाचे खरे बळ शोधनात, तिक्तरसप्रधान शमनात, निदानपरिवर्जनात आणि पथ्यात आहे. त्यास वेळ लागतो आणि रुग्णास घाई असते. त्या घाईपोटी जी पुडी दिली जाते, तिचे यश आठ दिवसांत दिसते आणि तिचा हिशेब पंधरा वर्षांनी पुढे येतो. तेव्हा बहुधा रुग्ण दुसऱ्याच कोणाच्या दारात उभा असतो. माझ्या दारात उभ्या राहिलेल्या त्या रुग्णाची जुनी नोंद कोणीतरी ठेवली असती, तर मी पहिल्याच दिवशी त्यांचे तळहात पाहिले असते. म्हणून विनंती एवढीच की, उद्या चिकित्सालयात येणाऱ्या सोरायसिसच्या पहिल्या जुन्या रुग्णास पायातील चप्पल काढावयास सांगावे आणि त्याचे तळवे पाहावेत. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.